समुद्राकडची खोली

१

आमच्या घरात कुठेही जायचं ठरलं की उतरायचं कुठे हे मी ठरवते. लग्न होऊन आले तेव्हापासून हे खातं माझ्याकडे आहे. माझे यजमान महारुद्र सेलूच्या एका जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवतात. चिमूटभर कापूस बोटांत ओढून धाग्याची लांबी सांगणारा माणूस, पण लॉजच्या दारात उभा राहिला की मॅनेजर दाखवेल ती खोली घेऊन मोकळा होतो. मी तशी नाही. फोनवरचे फोटो मी भाजी निवडावी तशी निवडते. पलंगावर टॉवेलचा हंस करून ठेवला असेल तर मोरीत झुरळं असणार, हे न बघता सांगते. ज्यांनी खिडकीचा फोटो टाकलेला नाही त्यांच्या खिडकीसमोर भिंत असते.

या उन्हाळ्यात मला परभणीच्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. जून लागला की बहिणीकडे राहणार आणि सुट्टीला सेलूला येणार, असं मी जेवताना सांगून टाकलं. विचारलं नाही, सांगितलं. महारुद्रांनी ताट पुढे सरकवलं आणि हात धुतला. ते कधी ओरडत नाहीत. ओरडले असते तर बरं, निदान भांडता तरी आलं असतं. ते नुसते गप्प होतात आणि आपला गुन्हा कोणता हे आपणच शोधत बसायचं.

आठवडाभर घरात तीच शांतता होती. मग एका दुपारी ते आपणहून म्हणाले, "रत्नागिरीला जाऊ. समुद्र बघून येऊ. तुझं डोकं जरा शांत होईल. जागा बघून ठेव."

मी समुद्र कधी पाहिलेला नव्हता. खोटं कशाला बोलू, मी हरखले. फोन घेऊन लगेच पडवीत जाऊन बसले.

सासूबाई, म्हणजे कस्तुराबाई, तिथेच सुपात ज्वारी पाखडत होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. कुठे जायलीस म्हणून त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही.

"मनिषालाबी असंच नेलं होतं," त्या म्हणाल्या. "ती माहेराला निघाली होती तवा."

२

मनिषा ही महारुद्रांची पहिली बायको. समुद्रावर फिरायला गेले असताना तिला लाटेनं ओढून नेलं, एवढंच मला लग्न ठरताना सांगितलं होतं. उतरले होते बाजारातल्या धर्मशाळेत, म्हणे. जास्त मी विचारलं नाही. मेलेल्या सवतीची चौकशी करणारी नवरी कुणाला आवडते?

तिचा टाक माझ्या गळ्यात असायचा. दुजवराला दिलेल्या पोरीनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. नखाएवढा चांदीचा पत्रा आणि त्यावर उठवलेली एक बाई. नवी साडी आली की आधी टाकाला दाखवायची, सणाचा पहिला घास टाकापुढे ठेवायचा. एवढं केलं की ती शांत राहते आणि दुसरीच्या संसारात पाय घालत नाही. मी नर्सिंग शिकलेली बाई, मनातून हसायचे. पण घरात कटकट नको म्हणून घालत गेले आणि मंगळसूत्रासारखा तोही अंगाचा झाला.

"नवी जागा हाय," आत्याबाई म्हणाल्या. "आधी तिला इचार. कौल लाव."

"लॉजसाठी कौल?"

"मग? तीबी येणारच की तुझ्या गळ्यात बसून."

मला हसू आलं, पण त्यांनी ताटली मांडलीसुद्धा. टाक ताटलीत उभा केला. ओल्या बोटाने त्याच्या दोन्ही खांद्यांना ज्वारीचा एकेक दाणा चिकटवला. जागेचं नाव घ्यायचं, उजवा दाणा पडला तर होकार, डावा पडला तर नकार.

मी पहिलं नाव घेतलं, एसटी स्टँडजवळचं स्वच्छ लॉज. डावा पडला. देवळाच्या भक्तनिवासाचं नाव घेतलं, डावा. किनाऱ्यावरच्या झुल्याबिल्याच्या रिसॉर्टलाही डावाच. कूलरचं वारं लागतंय म्हणून मी कूलर बंद केला आणि ती तिन्ही नावं पुन्हा घेतली. पुन्हा तसंच. दाणे एकदा मी लावले आणि एकदा आत्याबाईंनी, तरी फरक पडला नाही. त्यांचा अंगठा लागतो की काय म्हणून मी टक लावून बघत होते. अंगठा लांब होता.

यादीत अगदी खाली एक घर होतं. गावाबाहेर, समुद्राच्या वर, कड्याला लागून. एकुलता एक फोटो, तोही बाहेरून काढलेला. असली जागा मी एरवी बघितलीही नसती. त्याचं नाव माझ्या तोंडातून पुरतं बाहेर पडलं नसेल, उजवा दाणा ताटलीत टणकन वाजला. डावा मात्र पाणी वाळून गेलं तरी टाकाला चिकटून राहिला. संध्याकाळी देव्हाऱ्यापुढे दिवा लावताना मी तो नखाने काढला, तेव्हा कुठे निघाला.

ओली माती लागली असेल दाण्याला, असं मी स्वतःला सांगितलं.

३

दुसऱ्या दिवशी त्या घराच्या मालकीणबाईंना फोन केला. बोलायला फार गोड. घर त्यांनी नुकतंच चालवायला घेतलं होतं. म्हणाल्या, "फोटो टाकायचे राहूनच गेलेत हो. थांबा, मी तुम्हाला व्हिडिओवरच दाखवते. दोन खोल्या आहेत. मागची साधी आहे, झाडीकडे तोंड. समुद्राकडची बघा आधी."

आमच्याकडे भर दुपार होती. खिडक्या लावलेल्या, कूलर घरघरत होता. मी माजघरात जमिनीवर बसून फोन समोर धरला. बाईंनी कुलूप काढलं आणि दार ढकललं.

खोली चांगली होती, ते मान्य करायला हवं. उंच छत, निळ्या पट्ट्यांची चादर, कपाटाला मोठा आरसा. समोर गॅलरी आणि तिच्यापलीकडे एवढं पाणी की फोनच्या चौकटीत मावेना. खालून लाटा खडकावर आपटल्याचा आवाज येत होता.

"कुणी उतरलंय का सध्या?" मी विचारलं.

"नाही हो, महिनाभर बंदच आहे."

मी विचारलं त्याचं कारण मला दिसत होतं. गॅलरीच्या दारापासून पलंगापर्यंत फरशीवर ओली पावलं उमटली होती. अनवाणी बाईची पावलं, टाच लहान. फक्त आत येणारी. मी ते बोलून दाखवलं तर बाई म्हणाल्या, "इथली हवाच अशी, फरशीला घाम येतो." फरशीला घाम येत असेल. त्या घामाला बोटं कशी फुटतात, हे मात्र मी विचारलं नाही.

त्या वळल्या आणि फोन आरशासमोर आला. आरशात फोन धरलेल्या मालकीणबाई दिसल्या. त्यांच्या मागे गॅलरीत कुणीतरी पाठमोरं उभं होतं. केस पुढे घेऊन, खाली वाकून, पिळत असल्यासारखं. मी डोळे फोनला लावले तोवर चित्र पुढे सरकलं होतं. गॅलरी रिकामी होती.

माझ्या मागे कपबशी वाजली. महारुद्र चहा घेऊन उभे होते. किती वेळ, देव जाणे. त्यांची नजर फोनवर होती.

"तिथं कठडा न्हवता," ते म्हणाले.

अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं. पण फोनमधून बाईंनी ऐकलं. "बरोबर, कठडा मीच बसवून घेतला. तुम्ही येऊन गेलात वाटतं आधी?"

महारुद्रांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.

"तुमी बघितलीय ही खोली?" मी विचारलं.

"फोटोत बघितली."

"हिचा फोटोच न्हाई कुठं."

त्यांनी कप खाली ठेवला आणि घराबाहेर गेले. त्या उन्हात, चप्पल न घालता.

४

मी तिथेच बसून राहिले. डोकं साफ चालत होतं. धर्मशाळा नव्हती. लाट नव्हती. एक खोली होती, बिनकठड्याची गॅलरी होती आणि माहेरी निघालेली बायको होती. आता मी निघाले होते. मला समुद्र दाखवायचा त्यांना एकाएकी पुळका का आला, ते मला कुणी वेगळं सांगायची गरज राहिली नाही.

मग मला राग आला. असा राग मला पूर्वी कधी आला नव्हता. या माणसाने तिला मारलं आणि वर माझ्या गळ्यात अडकवून ठेवलं. ती शांत राहावी म्हणून मी तिला घास ठेवायचे, साड्या दाखवायचे. आणि हा शेजारी बसून निवांत जेवायचा. तिचा माझ्याशी काय वाद होता? माझा तरी तिच्याशी काय होता?

मी टाक काढला. दोरा मानेला इतका रुतला होता की ओरखडा उठला. देव्हाऱ्यात कोंडायला मन झालं नाही, म्हणून खुंटीला टांगला, मोकळा.

आत्याबाईंनी माझा गळा पाहिला. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. त्या जवळ आल्या, मानेवरच्या ओरखड्याला खोबरेल लावलं आणि आत निघून गेल्या.

दुसऱ्या दुपारी महारुद्र झोपून उठले तर पलंगाची त्यांच्याकडची बाजू ओली होती. कूलर गळतो, मी म्हणाले. आमचा कूलर गळतोच. पण तो माझ्या बाजूला आहे आणि माझी उशी कोरडी होती. त्यांनी चादरीला हात लावला आणि बोटं जिभेला लावून बघितली.

"खारट हाय," ते म्हणाले.

"बोरचं पाणी खारटच असतंय की."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांनाही ते पटावंसं वाटत होतं, हे मला दिसत होतं. मला त्यांची कीव आली नाही.

त्यांनी जागा बदलली. बैठकीत दिवाण टाकला, दुसऱ्या दिवशी दिवाणाची गादी ओली. माडीवर पत्र्याखाली जाऊन पडले, तिथे उन्हाने माणूस भाजून निघतो, पण उतरले तेव्हा पाठीला सदरा चिकटलेला आणि त्याला वाळू. पांढरी, बारीक वाळू. आमच्या काळ्या मातीत असली वाळू नसते. गोदावरीचीही अशी नसते. मी ती झाडून सुपलीत भरली. टाकून न देता ओट्याच्या कडेला ठेवली, त्यांना येता-जाता दिसेल अशी.

जिनिंगच्या ऑफिसात झोपायला गेले, तर तिथून कापसाचा एक गठ्ठा भिजला म्हणून बोलणी खाऊन आले. सीझन संपलेला, आभाळ कोरडं ठणठणीत. माझ्यासाठी जागा बघायला सांगणारा माणूस आता स्वतःला जागा शोधत फिरत होता.

५

शेवटी ते पाथरीला चुलत भावाकडे, भागवतकडे गेले. दुपार कलायच्या आत भागवतचा मला फोन आला.

"वैनी, तुमीबी आलाव का दादासंगं?"

"न्हाई. मी घरीच हाय."

मागे कसला तरी आवाज येत होता. ओला पंचा दगडावर झटकावा तसा, थांबून थांबून.

"मग मोरीत केस कोण झटकायलंय?" भागवत म्हणाला. "दादा तर दाराला पाठ लावून बसलाय. उघडू देईना."

"त्यालाच इचारा," मी म्हणाले आणि फोन ठेवला. आतून बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

भागवतने त्यांना जीपमध्ये बसवून परत पाठवलं. दारातून आत आले तेच माझ्यापुढे येऊन उभे राहिले. विजारीचे काठ ओले होते.

"टाक घाल," ते म्हणाले.

"आधी सांगा. कठडा न्हवता मंजी काय?"

"राजेश्री, पाया पडतो तुझ्या. घाल."

"सांगा."

आत्याबाई चुलीजवळ होत्या. त्यांनी भाकरी थापायची थांबवली. महारुद्र भिंतीकडे बघत बोलले.

"ती निघाली होती. बॅग भरून. मी इतक्या लांब नेलं, खर्चलं, समजावलं, तरी निघालीच होती. मी नुसता दंड धरला तिचा."

"आन मग?"

"मग सोडला."

तव्यावरची भाकरी करपली. कुणीच उलटली नाही. आत्याबाई उठल्या आणि पदराने हात पुसत आल्या. मुलाच्या तोंडाकडे त्यांनी बघितलंच नाही.

"माझ्या पोटचा हाय म्हणून मी गप्प बसले," त्या मला म्हणाल्या. "पोरगी मला आई म्हणायची. तिच्या दंडाला बोटं उठली होती रं महारुद्रा. घरी आणली तवा मीच शेवटचं न्हाऊ घातलं तिला. मला दिसलं."

६

मग महारुद्रांनीच कौल लावा म्हणून हट्ट धरला. आजवर असल्या गोष्टींना अडाणीपणा म्हणणारा माणूस ताटलीसमोर हात जोडून बसला. आत्याबाईंनी खुंटीवरून टाक काढला, दाणे चिकटवले आणि विचारलं, "बाई, तुला तुझ्या जागी आणून सोडलं तर पुरं व्हईल का?"

उजवा दाणा पडला.

"जाऊन ये," आत्याबाई म्हणाल्या. "तिथनंच, त्याच गॅलरीतनं पाण्यात सोड."

ते माझ्याकडे वळले. "तू चल. तुझ्या गळ्यात असली की ती गप राहती."

"मी येत न्हाई," मी म्हणाले. "माझ्या गळ्यात लय राहिली ती. आता तुमी न्या."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. आत्याबाईंनी टाकाला हळद-कुंकू वाहिलं, तो खणात गुंडाळला आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घातला. वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या. मुलाच्या डोक्यावरून हात मात्र फिरवला नाही. पुण्यापर्यंत रेल्वे, पुढे एसटी. गेल्या गेल्या परत फिरणं शक्य नव्हतं, मुक्काम करावाच लागणार होता.

"मागची खोली सांग," निघताना ते मला म्हणाले. "झाडीकडची. समुद्राकडची नको. तेवढ्या कामापुरतं समोर जाईन आन लगेच मागं येईन."

मी मालकीणबाईंना फोन लावून माझ्या नावावर जागा धरली. खोली कोणती ते यजमान तिथे पोचल्यावर सांगते, म्हणाले. महारुद्र स्टेशनकडे गेले. रस्त्याच्या फुफाट्यात त्यांच्या चपलांचे ठसे उमटत होते. ते वळणावर दिसेनासे होईपर्यंत मी दारात उभी होते. त्यांच्या ठशांशेजारी आणखी ठसे पडत होते का, ते मी वाकून बघितलं नाही. वाऱ्याने पाचोळा आला आणि सगळं झाकलं गेलं.

७

दुसऱ्या दिवशी दुपारचा चहा झाल्यावर फोन आला. मी पडवीत होते. आत्याबाई शेजारी ज्वारी पाखडत होत्या.

"पोचले हो तुमचे साहेब," मालकीणबाई म्हणाल्या. मागे लाटांचा आवाज होता. "फार दमलेले दिसतायत. मी त्यांना समुद्राकडची खोली उघडून दिली, तर आतच जायला तयार नाहीत. मागचीच द्या म्हणून बसलेत पायरीवर. मागची मोकळी आहे, मला काही अडचण नाही. पण बुकिंग तुमच्या नावावर आहे आणि वहिनी ऐकत नाहीत, म्हणून म्हटलं तुम्हालाच विचारावं."

"कोण वहिनी?"

"त्यांच्याबरोबर आल्यात त्या. तुमच्या जाऊबाई का? पावसात भिजून आल्यासारख्या चिंब आहेत हो, आणि इकडे तर पाऊस नाही. मी टॉवेल दिला, तो घेतला नाही. सरळ समुद्राकडच्या खोलीत जाऊन गॅलरीत उभ्या राहिल्यात. साहेबांना हाताने बोलावतायत." त्यांनी आवाज खाली आणला. "साहेब फोन मागतायत. देऊ का?"

फोनमधून मला महारुद्रांचा आवाज ऐकू आला. माझं नाव घेत होते. ओरडत होते. इतक्या वर्षांत मी त्यांचा वर चढलेला आवाज पहिल्यांदा ऐकला. मागची म्हण, राजेश्री, मागची म्हण.

एका शब्दाचं काम होतं. नर्सिंग शिकताना दवाखान्यात मी कितीतरी परक्या माणसांसाठी रात्रीचा दिवस केलेला आहे. जीव वाचवायचा असतो तेव्हा कुणाचा ते बघायचं नाही, असंच मला शिकवलंय. मला ते आठवलं. मग मला तिच्या दंडावरची बोटं आठवली, जी मी कधी पाहिली नव्हती. आणि जून लागायच्या आत माझ्या दंडावर उठली असती ती बोटं.

"फोन देऊ नका," मी म्हणाले. "समुद्राकडचीच द्या त्यांना. दोघांची खोली आहे ती."

"बरं बाई," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणाल तसं. किल्ली वहिनींकडेच देते."

फोन बंद झाला. पडवीत आता फक्त सुपाचा आवाज होता. आत्याबाईंनी कोंडा फुंकून टाकला, दाणे एका बाजूला केले आणि पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले होते, पण आवाज साधा होता.

"किल्ली कुणाकडं दिली म्हणं?"

"तिच्याकडं," मी म्हणाले.